कूलरसमोरचं फूल

धार. चैत्र, मंगळवार, संध्याकाळ.

नाही तोडणार म्हणजे नाही तोडणार. इथे लिहूनच ठेवते.

निलगिरी पर्वतावरच्या ढगांतल्या जंगलातलं, तिथेही दुर्मिळ झालेलं हे ऱ्होडोडेंड्रॉनचं झाड धारच्या उन्हात जगेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. नर्सरीवाला तर हसलाच होता, "मॅडम, पहाड़ की चीज है, यां नी टिकेगी." मी माझा कूलर झाडाला देऊन टाकला आणि स्वतः पंख्याखाली झोपले. किती उन्हाळे गेले. आज पहिलं फूल आलं. लालभडक, एकुलतं एक.

आणि नेमक्या आजच वन्सं देवासहून आल्या, उद्याच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी. डाळीसाठी कैरी किसता किसता म्हणाल्या, "सुधा, पहिलं फूल गौरीचं. सकाळी तोडून वाहा."

घरातली रीतच आहे ती. मोगरा, जास्वंद, सगळ्यांच्या बाबतीत मीही निमूट पाळली. पण मोगरा पुन्हा फुलतो. हे?

"वन्सं, हे नाही तोडणार."

"मग गौरीला काय लांबून दाखवणार?"

लांबून कशाला? तशीच उठले. गौरीचा झोपाळा बैठकीतून उचलला आणि कूलरसमोर, कुंडीला खेटून मांडला. फूल बरोबर तिच्या खांद्याशी येतं. उद्या बायकांनी इथेच यावं, पदर उडाले तर उडू देत.

वन्सं दारात उभ्या राहून बघत होत्या. मग बादली आणून कूलरमध्ये पाणी ओतलं.

"गौरीला उकडायला नको," म्हणाल्या.