आतल्या बाजूची मूठ

१. दोन वर्षांपूर्वी घरी चोरी झाली. आईच्या मागे उरलेलं सगळं गेलं. बाबांची झोप उडाली.

२. मी तळघरात तिजोरीची खोली आखली. काँक्रीटच्या भिंती, दोनशे मिलिमीटर. पोलादी दार बाबांनी स्वतः वेल्डिंग करून बनवलं.

३. कड्या आतून सरकवणारी मूठ सोमवारी यायची होती. तोवरची म्हणून बाबांनी पाइपच्या तुकड्याची एक केली. नकाशाप्रमाणे नव्हती, म्हणून मी ती बसवू दिली नाही.

४. शनिवारी दाराच्या फटीतून उजेड येतो का, ते बघायला बाबा आत गेले. मी बाहेरून दार लावलं. कुलूप अडकलं.

५. आतून ठोके अठ्ठावीस मिनिटं येत होते. कुलूपवाले पन्नासाव्या मिनिटाला दार उघडू शकले. हवा पुरेशी होती. बाबांचं हृदय बंद पडलं होतं.

माझं ऑपरेशन २४ जूनला आहे. मी शुद्धीत आहे, कुणी भरीस घातलेलं नाही. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावं.

घर, तळघरासह, माझ्या थोरल्या भावाला. अंत्यसंस्कारानंतर तो मला एवढंच म्हणाला, "तुझी खोली पास झाली." तेव्हापासून बोललेला नाही. ते वाक्य मी माझ्याकडेच ठेवते.

वेल्डिंग मशीन बाबांच्या वर्कशॉपमधल्या जोडीदाराला. हे काका ते उसनं नेऊन सहा-सहा महिने परत करत नसत. आता परत करायची गरज नाही.

माझे नकाशे जाळावेत. अपवाद दाराचा. त्याच्या कोपऱ्यात बाबांनी पेन्सिलीने लिहिलंय, "मिलिमीटरबाई, चोराचा विचार झाला. आता आतल्या माणसाचा कर." तो नकाशा दादाला.

पाइपची मूठही दादाला. नंतर मी ती बसवली. आत गेले, शेजारच्या मावशींना दार लावायला सांगितलं. कुलूप लागलेलं असतानाही दार एका हाताने उघडलं. दाराला काहीही झालं नाही. माझा हट्ट चुकीचा होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

साक्षीदार: शेजारच्या शिवणकामवाल्या मावशी (सही), त्या दिवशी आलेले कुलूपवाले (सही)
मृत्युपत्र करणारी: धाकटी मुलगी (सही)
स्थळ: राहतं घर, तळघर. दिनांक: १४ जून २०२५

दादा, ऑपरेशनआधी एकदा ये. बाबांची मूठ तुझ्या हाताने फिरवून बघ. दार लावायचं नाही, मी उंबऱ्यात उभी राहीन. येणार की नाही, ते शुक्रवार, २० जूनपर्यंत कळव.