राक्षसगडाची सुधारित आवृत्ती: नीलाबाई कावरखे यांचे मृत्युपत्र

मी, नीलाबाई दिगंबरराव कावरखे, वय वर्षे एकोणसत्तर, सेवानिवृत्त आरोग्य सेविका, राहणार गोरेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. मागच्या महिन्यात नांदेडला माझ्या हृदयात जाळी बसवली, पण डोके जागेवर आहे. ते जागेवर नाही असे म्हणणारे दोघे आहेत, त्यांची नावे पुढे येतील. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आणण्याचा प्रयत्न त्याच दोघांनी केला.

कलम १. मला मूलबाळ नाही. माझे राहते घर माझी भाची राजनंदिनी हिला मिळावे. २०१० साली पाय मोडून ती दोन महिने माझ्याकडे होती. तेव्हा वेळ जावा म्हणून तिने ‘राक्षसगड’ या खेळाचे पुस्तक पुण्याहून मागवले, आणि जाताना इथेच ठेवून गेली. त्यामुळे पुढे जे झाले त्याला मुळात तीच जबाबदार आहे. अट एकच: समोरची खोली रविवारी दुपारी दोन ते पाच मोकळी ठेवावी.

कलम २. बँकेत जे असेल तेही राजनंदिनीचे. आकडा लिहीत नाही, कारण हा कागद ग्यानबा वाचणार.

कलम ३. कोर्टाला हा खेळ ठाऊक नसेल, म्हणून खुलासा करते. एकजण गोष्ट सांगतो, ती मी. बाकीचे त्या गोष्टीतली माणसे होतात, कोणी योद्धा, कोणी जादूगार. दार तुटले की नाही, राक्षस मेला की नाही, हे फासे टाकून ठरते. पैसे लावले जात नाहीत. हे वाक्य मी खाली रेघ मारून लिहिले आहे, त्याचे कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ४. माझे दीर रामकिशन यांनी २०१४ साली आमच्या घरात जुगाराचा अड्डा चालतो अशी तक्रार केली. एक हवालदार आले. वीस बाजूंचा फासा हातात फिरवून म्हणाले, “बाई, असा जुगार म्या कुठं पाह्यला न्हाई. खेळून दाखवा.” त्यांना लाकूडतोड्या केले. पावणेपाच वाजता गुहेतल्या कोळ्याने त्यांना खाल्ले. ते फार नाराज होऊन गेले, आणि पुढच्या रविवारी साध्या कपड्यांत परत आले. रामकिशन यांना माझ्या मालमत्तेतून तो एक फासा द्यावा ज्यावर सहसा एकच पडतो. बाकी काही नाही.

कलम ५. माझे बीपीचे मशीन ग्यानबा पोले यांना द्यावे. ते हळद पिकवतात आणि पंधरा वर्षे ‘ढालबहाद्दर भीमा’ म्हणून खेळतात. भांडताना त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात, म्हणून मशीन. सुया उकळण्याचा स्टीलचा डबा, आतल्या फाशांसह, युसूफ टेलर यांना द्यावा. ते तेवढीच वर्षे ‘जादूगार कमरुद्दीन’ आहेत.

कलम ६. आता वादाचा विषय. ऑगस्टमध्ये राजनंदिनीने राक्षसगडाची सुधारित आवृत्ती कुरिअरने पाठवली. त्यात ढाल तुटू शकते, आणि जादूगाराची ताकद जवळपास दुप्पट केली आहे. युसूफ म्हणाले, “सिस्टर, नवं पुस्तक बराबर हाय. जमाना बदलला.”

ग्यानबा म्हणाले, “जमाना बदलला तं माझी ढाल काहून तोडता? पंधरा साल झाले, तिला एक खोक पडली न्हाई!”

“ती लोखंडाची न्हाई, कागदावरची हाय!”

“मंग तुही जादू काय शेतात पिकते?”

ग्यानबा उठले आणि आपली खुर्ची डोक्यावर घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी युसूफ यांनी ग्यानबांच्या पँटचे कापड न कापताच परत पाठवले. तेव्हापासून रविवारचा खेळ बंद आहे. “निकाल तुमी द्या,” असे दोघेही मला वेगवेगळे येऊन सांगत, आणि मी “वाचून राहिले” म्हणून टाळत असे. मी दवाखान्यात असताना दोघे खाटेच्या दोन बाजूंना बसून माझ्या अंगावरून भांडले. शेवटी तिथल्या नर्सने दोघांना बाहेर काढले. मी त्या नर्सच्या जागी असते तर आधीच काढले असते.

कलम ७. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले. ते पुस्तक मी पहिल्याच आठवड्यात वाचून संपवले होते. ढालीचे मला काही नव्हते. नव्या आवृत्तीत ‘वैदू’ हे पात्रच काढून टाकले आहे. माझे पती दिगंबरराव वैदू होते, नाव धन्वा. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी धन्वा शिशाच्या दारापुढे उभा होता. पाच वाजले. हे म्हणाले, “राहू द्या, पुढच्या रविवारी उघडतो.” गुरुवारी ते गेले. त्यानंतर मी सगळ्यांना डोंगरावर नेले, समुद्रात नेले, पण त्या दाराकडे नेले नाही. पुस्तक बदलले तर धन्वा कुठे उभा राहील, हे मला कळत नव्हते. म्हणून त्या दोघांना मी भांडू दिले. यात चूक माझी आहे. ती मी येथे कबूल करते.

दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी हे सगळे मी युसूफ यांना सांगितले. ते उठून दुकानात गेले आणि खाकी कागद घेऊन आले. कपड्याचे माप आखतात तो कागद. त्यावर धन्वा होता: त्याची ताकद, औषधे, मंत्र, सगळे नव्या नियमांप्रमाणे लिहिलेले.

“वैदू काढेल हाय, सिस्टर. पण पुजारी अन् शिकारी, दोन्ही कापून मी एक जोडला. माप दिगंबरभाऊचंच हाय. दोन महिने झाले तयार हाय. तुमी निकाल देत नव्हत्या, मी कसा बोलू?”

कागदाच्या कडेला दुसऱ्याच अक्षरात लिहिले होते: ‘विंचवाचा मंतर राहिला. टाकणे.’ अक्षर ग्यानबांचे.

मी ग्यानबांना बोलावून विचारले, “तुम्ही तर युसूफभाईंशी बोलत नव्हतात?”

“आताबी बोलत न्हाई,” ग्यानबा म्हणाले. “म्हून तं लिहून देलं.”

मग मी रडले, आणि दोघांनी एकमेकांना रागावायला सुरुवात केली, की सिस्टरला तकलीफ दिली.

कलम ८. निकाल. आपण सुधारित आवृत्तीने खेळायचे. भीमाची ढाल तुटणार नाही. हा नियम मी सूत्रधार म्हणून स्वतः घालते, आणि माझ्यामागेही तो कोणी बदलू नये. धन्वाचा कागद ग्यानबा आणि युसूफ यांनी आळीपाळीने चालवावा. दोघांचे एकमत होईपर्यंत धन्वाने हलू नये.

कलम ९. बाकीची कलमे माझ्या मृत्यूनंतर लागू होतील. कलम ८ येत्या रविवारपासून, दुपारी दोन वाजता, शिशाच्या दारापुढून लागू होईल. ग्यानबांनी खुर्ची आणावी.

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले. त्यामुळे ग्यानबा आणि युसूफ सही करू शकत नाहीत. ते दोघे दारात उभे आहेत आणि आत काय लिहिले ते विचारून राहिले आहेत.

वरील मजकूर मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) नीलाबाई दिगंबरराव कावरखे
गोरेगाव, गुरुवार, दिनांक १३ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १: शाकीर शेख, मेडिकल दुकानदार, गोरेगाव. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: पार्वतीबाई गडदे, शेजारीण. सही माह्यासमोर झाली. खेळ काय हाय ते समजलं न्हाई. पण त्या शिशाच्या दारामागं काय हाय ते पाह्यला रविवारी मी बी येऊन राहिले.