गाठी पडलेला कापूस

कोल्हापूर, सन १९११

आपा,

माझ्या पिंजाऱ्याच्या दुकानात आता गाद्यांपेक्षा मनानं खचलेली माणसंच जास्त येतात. मी त्यांच्यापुढं गाठी पडलेला जुना कापूस ठेवतो नि म्हणतो, "बसा, मोकळा करा." विचारत काहीच न्हाय. बोटं चालू लागली की माणूस आपसूक बोलतो. ऐकलेलं मी बायकोलासुद्धा सांगत न्हाय.

काल एका म्हातारीनं विचारलं, "हे कुठं शिकलास रं?" मी तिच्यापुढं आणखी कापूस सरकवला.

तुझ्यामुळं शिकलो, आपा. प्लेगात तुझी लेक मेहमुदा गेली. नंतर कापूस निवडताना तू मला म्हणालीस, "ती अजून बोलती की माझ्याशी. कुणाला सांगू नगंस." मी अब्बांना सांगितलं. ते तुला बरं करतील असं वाटलेलं. त्यांनी बाधा झालीय म्हणून तुला सहा महिने दर्ग्याच्या खांबाला साखळीनं बांधून ठेवलं. तू ओरडली न्हाईस, नुसती माझ्याकडं बघत होतीस. सुटल्यापासून कुणाशीच बोलत न्हाईस म्हणं.

दोनदा तुला भेटाया गगनबावड्याला आलो, पण तू राहतीस त्या मावशीचं दार बघूनच मागं फिरलो.

तुला वाचता येत न्हाय. हे पत्र धाडलं तर मावशीचा जावईच वाचून दाखवणार, म्हणजे तुझी गोष्ट परत माझ्यामुळंच दुसऱ्याच्या कानावर जाणार. तिकडं पावसात गारठा लई, म्हणून तुझ्यासाठी नवी गादी भरलीय. तेवढी पाठवतो. पत्र तिच्याच कापसात घालून शिवतो.

ते तरी गप राहील.

तुझा चहाडखोर भाऊ,
फक्रुद्दीन