मावशीने स्वतः लिहिलेलं वाक्य

बाबा,

शनिवारी कोलोनहून एक मुलगी आली होती. मूळची पुण्याची, कोलोनच्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करते. विषय, आपल्या मॉरिशसचं स्वराज्य. मी इथे जर्मनीत, लुडविग्सहाफेनला असते हे तिला कुणीतरी सांगितलं. रेकॉर्डर चालू करून म्हणाली, "काकू, तुमचे वडील लंडनच्या वाटाघाटींना होते का?" "नाही." "मग त्या कागदपत्रांत त्यांचं नाव मिळणार नाही." "गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हटलं, "म्हणूनच ऐक."

तेव्हा बेटावर इंग्रजांचं राज्य, आणि मतदानाचा नवा कायदा आला होता. बेटावरची कुठलीही एक भाषा लिहिता-वाचता येईल त्याला मत. तुम्ही साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. मजुरांना शिकवलंत तर नोकरी जाईल, असा मॅनेजरने दम दिला, आणि ती गेलीही. दुसऱ्याच दुपारी तुम्ही ऊसतोडणीच्या बायकांना आपल्या चुलीपाशी पाट्या देऊन बसवलंत. शेजारच्या मावशीचा हात कोयता धरून इतका राठ झालेला, की पेन्सिल मोडायची. मी दहा वर्षांची. न राहवून तिचं वाक्य मीच लिहून टाकलं. तुम्ही पाटी पुसलीत. "तू लिहिलंस तर मत तुझं झालं, तिचं नाही." मी रडले, पण तुम्ही समजूत काढली नाहीत.

मतदार नोंदणीच्या दिवशी मावशी कचेरीतल्या साहेबासमोर मराठीत लिहिते. तो म्हणतो, "ही कसली अक्षरं? मला वाचता येत नाहीत." तुम्ही आवाज न चढवता म्हणता, "परीक्षा तिची आहे साहेब, तुमची नाही. वाचणारा बोलवा." आणि सगळ्या बायकांना घेऊन कचेरीच्या पायऱ्यांवर बसता. संध्याकाळच्या आत वाचणारा आला. सगळ्यांची नावं यादीत लागली, आणि त्याच बायकांनी तुम्हाला बेटाच्या कौन्सिलवर निवडून दिलं. लंडनच्या वाटाघाटी आणि सह्या कितीतरी नंतरच्या. बेटाचा कारभार बेटाच्या हाती यायला सुरुवात त्या पायऱ्यांवर झाली, हे मी त्या मुलीला ठणकावून सांगितलं.

निघताना तिने विचारलं, "मग तुम्ही परत का गेला नाहीत?" मी म्हटलं, नोकरी, नवरा, जर्मनमध्येच उत्तरं देणारी मुलं. हे खरं, पण नंतरचं. आता तुम्ही नाही, पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून लिहिता येतंय. मी शिकायला जर्मनीला निघाले तेव्हा बंदरावर तुम्ही म्हणालात, "शिकून ये, चुलीपाशची शाळा तुझ्यासाठी ठेवतो." मी मान डोलावली. परत यायचं नाही, हे माझं तेव्हाच ठरलेलं होतं. चांगलं जगले, बाबा. इथे राहिल्याचं वाईट वाटत नाही. मान डोलावल्याचं वाटतं.