खुदेजाबाईंच्या घरी आईंचा मुक्काम

सीब, मस्कत

ती. वृंदावहिनींस,

सोनलचा साष्टांग नमस्कार. दादांचा खोकला थांबला असेल आणि देवरुखात एव्हाना लाइट आली असेल, असं धरून चालते. चक्क पत्र लिहितेय, कारण फोन केला की आई शेजारी येऊन बसतात.

मामंजी गेल्यापासून आईंचं बोलणं आटलं, म्हणून तुम्ही त्यांना आमच्याकडे धाडलंत. पण इथेही त्या दिवसभर बाल्कनीत बसून खालच्या गाड्या बघायच्या. काही विचारलं की "बरंय." शेवटी धनंजय म्हणाला, डोंगरातली गावं दाखवू, खजुराच्या बागा, पाण्याचे पाट, आईला कोकणात गेल्यासारखं वाटेल. (इथले डोंगर इतके बोडके, की बघणाऱ्याला त्यांच्यावर टॉवेल टाकावासा वाटतो.)

निझवापर्यंत छान गेलो. पुढे तुमच्या लाडक्या भाऊजींना शॉर्टकट सुचला. तो एका वादीतून, म्हणजे कोरड्या नदीतून जात होता. गाडी गोट्यांत रुतली. धनंजयने ती पुढे-मागे करून आणखी रुतवली आणि सायलेन्सरही मोडून घेतला. आई मागच्या सीटवरून एवढंच म्हणाल्या, "ह्याचे वडील असेच होते." तेवढ्यात मागे बकऱ्या भरलेला एक पिकअप आला. त्यातून उतरलेल्या जमालभाई नावाच्या इथल्याच गृहस्थांनी मोडक्या हिंदीत "कोई मुश्किल नहीं" म्हणत दोर बांधून गाडी ओढली. गॅरेज शुक्रवारच्या जुम्म्यामुळे बंद. "यल्ला, घर चलो!" म्हणाले, आणि आम्ही बकऱ्यांच्या मागोमाग त्यांच्या घरी.

जमालभाईंच्या आई खुदेजाबाई साधारण आपल्या आईंच्याच वयाच्या. त्यांनी खजूर आणि कहवा, म्हणजे इथली कोरी कॉफी, पुढे केली. इथे पुरे झालं की रिकामा पेला जरा हलवायचा असतो, हे आईंना सांगायचं राहिलं. त्या "पुरे, पुरे" म्हणत पेला पुढे करायच्या आणि खुदेजाबाई तो भरायच्या. मी घाबरून सांगायला गेले, तर आई म्हणाल्या, "थांब गो. किती दिवसांनी कोणीतरी नीट आग्रह करतंय."

वहिनी, यापुढे मला काही करावंच लागलं नाही. एकीचं मराठी, दुसरीचं अरबी, आणि दोघी एकमेकींचं ऐकून माना डोलावतायत! आधी गुडघे दाखवून झाले. मग दोघींनी माझ्याकडे आणि जमालभाईंच्या बायकोकडे, हिबाकडे, एकदमच पाहिलं आणि सुस्कारा टाकला. (सून हा विषय कुठल्याही भाषेत कळतो. हिबाने मला डोळा मारला.) खुदेजाबाई तव्यावर हाताने पीठ पसरून पातळ रोटी करायला लागल्या, तशा आई ओरडल्या, "अगो, घावन असं नाही घालत!" आणि पदर खोचून चुलीशी बसल्या. पहिलं घावन तव्याला असं चिकटलं, की खरवडून काढावं लागलं. खुदेजाबाई हसायला लागल्या. त्यांना बघून आईही. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या, वहिनी. धनंजय दारात उभा होता, तो गुपचूप बाहेर जाऊन गाडी पुसत बसला. धुळीने माखलेली गाडी कोरड्या रुमालाने!

दुसऱ्या दिवशी गाडी दुरुस्त झाली. आई मात्र निघेनात. आणखी एक दिवस राहिलो, मग आणखी एक. जमालभाई म्हणाले, "खलास! तुम लोग जाओ, माँ इधर रहेगी." कसंबसं आईंना गाडीत बसवलं, तर घरापर्यंत त्यांचं तोंड मिटलं नाही. अजून मिटलेलं नाही. बाल्कनी रिकामी आहे, माझे कान भरलेत, आणि मला फार बरं वाटतंय.

तुमची,
सोनल

ता. क. : आई देवरुखला परत येतील तेव्हा त्यांच्याबरोबर खुदेजाबाईही असतील. जमालभाई आणि हिबा पोचवायला येतील. तिकिटं काढून झालीत. तुमची एसीची खोली आईंनी खुदेजाबाईंना परस्पर कबूल केली आहे. तेवढी रिकामी करून ठेवाल ना?

आणखी एक : मुक्काम किती दिवस, असं मी विचारलं होतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि आई म्हणाल्या, "इन्शाल्ला."