विसरण्याचं वेळापत्रक

१२ जून २००४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

यांच्या विसरभोळेपणाला डॉक्टरांनी नाव दिलं: अल्झायमर. तुझ्या घड्याळजींना आहे तेच. काल बँडमास्तर नवा कोट घालून आले, तर आमचे शिंपीबुवा म्हणाले की हा कुणा अडाण्याने शिवलाय, आधी उसवा! आठवड्यापूर्वी यांनीच शिवलेला. बिचारे कोट ठेवून गेले. मी पोट धरून हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुला चार वर्षांचा अनुभव. एवढंच सांग, हे मला कधी विसरतील? म्हणजे तयारीत राहीन.

तुझी माया हक्काने वसूल करणारी,
धाकटी

२० जून २००४

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

वेळापत्रक मागतेस? ही काय आगगाडी आहे? या दुखण्याची दोन माणसं एकसारखी दाखव, मी भाषणं सोडते! तुझ्या यांची कालची गोष्ट आधी पुसली गेली. आमच्यांना सगळं आठवायचं, पण उघडलेलं घड्याळ डोळ्यांसमोर असून जोडता येईना. मग शब्द गळाले. आता चष्म्यालाही 'ते' आणि मलाही 'ते'; डोळे मात्र माझ्यावरच वटारतात! शेजारच्या हेडमास्तरीणबाईंनी तीन वर्षांत अंथरूण धरलं. तेव्हा तारीख कुणालाच विचारू नकोस. कात्री काढून घे, टेप राहू दे. आणि वाद घालू नकोस. जन्मभर वाद घालत आलेली बाई हे सांगतेय, म्हणून तरी ऐक.

रागावले तरी तुझीच,
ताई

३ मार्च २००६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आता घराची वाट चुकते, लेकीला आत्या म्हणतात. दारी येईल त्याचं माप घेतात. पोस्टमनची छाती तीनदा मोजून झाली. तोही शहाणा, दर वेळी फुगवून दाखवतो. मला अजून ओळखतात. रोज सकाळी धाकधूक असते, तेवढी तुला कळवते.

आठवण काढत जा, आमच्याकडे तिचा तुटवडा आहे.
धाकटी

११ नोव्हेंबर २००७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तो दिवस आला. काल दुपारी यांनी मला बसायला खुर्ची दिली, अहोजाहो केलं आणि अर्धा तास बायकोच्या कागाळ्या सांगितल्या. तोंडाळ आहे, कात्री पळवते, बहिणीच्या नादाने भाषणं देते! तू सांगितलंस म्हणून वाद घातला नाही. जीभ चावून चावून सोलली. मग सारखे उठून दाराशी जाऊ लागले. म्हणाले की एवढा वेळ बाहेर राहत नाही ती, कुठे अडकली असेल? डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

मी निरोप घेतला, मागच्या दाराने बाहेर पडले आणि वळसा घालून पुढच्या दाराने आत आले. इतका उशीर का म्हणून केवढे रागावले, ताई! आणि मग हात सोडेनात.

लोभ आता दोघींवर ठेव: तुझ्या धाकटीवर आणि त्या पाहुण्या बाईवर.