रक्त घ्यायच्या आधीची गोळी

ती. आईस, चिमीचा आणि माझा नमस्कार.

चिमी खाते, हसते. तुझी किडनी तिला मानवली आहे. तुझे टाके दुखतात का? बादल्या उचलत नाहीस ना?

इथल्या नर्सबाईवर मात्र माझा भरवसा नाही. एरवी घड्याळ लावून गोळी द्यायची आणि रक्त तपासायच्या दिवशी म्हणते, "रक्त घेतल्यावरच द्या." मला वाटलं, रिपोर्ट वाईट यावा, पोरीला परत भरती करावं, म्हणून हे चाललंय. मग मी तपासणीच्या तिन्ही दिवशी घरूनच गुपचूप गोळी देऊन नेली. तिने विचारलं की म्हणायचे, "छे हो, नाही दिली."

काल डॉक्टर म्हणाले, रक्तात औषध जास्त दिसतंय, आणि दर वेळच्या दोन गोळ्यांची एक केली. मी नर्सबाईशी भांडले, "माझ्या पोरीची गोळी कुणाच्या घशात घालता?"

ती म्हणाली, "अहो ताई, रात्रीचं औषध सकाळपर्यंत किती उरतं ते बघतो आम्ही. सकाळी गोळी दिली तर आकडा खोटा वाढतो. औषध कमी पडलं तर शरीर किडनीला परकी समजून खराब करतं."

तरी मी खरं न सांगताच चिमीला घेऊन घरी आले ग.

आज एकच गोळी दिली, तर चिमीने हात तसाच पुढे धरला. म्हणाली, "आई, दुसरी?"

आता पत्र टाकून मी तशीच दवाखान्यात जाते, सगळं खरं सांगायला. आधी तुला लिहिलं, म्हणजे तिथे जीभ अडखळणार नाही.

तुझी घाबरट लेक